माडावरचे बिऱ्हाड

शहरांतील नव्या वसाहतींतून फिरताना एक गोष्ट आमच्या वारंवार दृष्टीस पडते. फाटकापासून घराच्या पायरीपर्यंत दोन्ही अंगांस पामची झाडे ओळीने उभी असतात. क्युबा बेटाकडून आलेला गुळगुळीत, पांढुरक्या खोडाचा राजेशाही पाम, मॅस्करीन बेटांवरचा पोटफुगीर बाटलीपाम, मादागास्करचा पिवळट देठांचा अरेका. या भूमीत यांना ना गोत ना गाव. त्यांनी फळ द्यावे अशी मालकाची अपेक्षा नसते आणि सावली तर ती देतच नाहीत. शोभेसाठी ती आणली आणि शोभा देत ती उभी आहेत. परंतु पाखरांना हा शोभेचा हिशेब ठाऊक नसतो. अरेकाच्या दाट बेचक्यात लालबुड्या बुलबुलाची जोडी एखाद्या सकाळी काड्या, मुळ्या आणि कोळ्याचे जाळे घेऊन येते आणि थोड्याच दिवसांत तेथे वाटीएवढे घरटे तयार होते. मग त्या घरात मोठी गडबड उडते. कुंडीला पाणी बेताने घालावे, दार हळू लावावे, मुलांनी चवड्यांवर चालावे, असे हुकूम सुटतात. अंड्यांतून पिल्ले निघावयास सुमारे पंधरवडा आणि ती उडावयास थोडाफार तितकाच काळ. एवढ्या अवधीत त्या कुटुंबास एक नवी प्रतिष्ठा प्राप्त होते. ‘आमच्याकडे बुलबुल आहेत,’ असे घरची मंडळी आल्यागेल्यास सांगतात, आणि सांगताना त्यांच्या स्वरात, नवी मोटार दाखविणाराच्या स्वरात असते तसे काहीतरी असते. आम्ही हे हसण्यासाठी लिहीत नाही. हा आनंद निर्मळ आहे यात शंका नाही. तो पुरेसा आहे की नाही, एवढाच आमच्यापुढील प्रश्न आहे.

आमच्या कोकणपट्टीत या कुळातली जी जुनी झाडे आहेत, त्यांचा आणि पाखरांचा संबंध फार पूर्वीचा. ताडाच्या पंख्यासारख्या पानाच्या खालच्या अंगास, दोन चुण्यांमधील पन्हळीत, ताडपाकोळी आपले घरटे करते. घरटे म्हणजे काय, तर पिसे आणि हवेत तरंगणारा तलम कापूस आपल्या लाळेने पानाला चिकटवून केलेली एक चिमुकली वाटी. वारा सुटला की पान सळसळते आणि पानाबरोबर आई, अंडी व घर अशी तिन्ही झोके घेतात. माडाच्या शेंड्यात झावळ्यांच्या बुडाशी कावळा काटक्या रचतो आणि त्याची पाठ वळताच कोकिळा तेथे आपले अंडे ठेवून जाते. वठलेल्या माडाच्या खोडात सोनपाठी सुतार भोक पाडतो. तो निघून गेला की त्या आयत्या घरात साळुंकी, पोपट किंवा पिंगळा यांपैकी जो आधी येईल तो बिऱ्हाड थाटतो. पागडी द्यावी लागत नाही, एवढाच काय तो शहरातील व्यवहाराशी फरक.

आणि विहिरीवर वाकलेल्या शिंदीला लोंबणारे सुगरणीचे खोपे न पाहिलेला मराठी माणूस विरळा. माडाच्या पातीच्या काठाला चोचीने चीर पाडावयाची आणि ती धरून उडावयाचे, म्हणजे लांबच लांब धागा सोलून निघतो. असे शेकडो धागे आणून हा पक्षी आपले घर विणतो. १९३० साली सालिम अली यांनी अलिबागजवळ किहीम येथे राहून या पक्ष्याचा पावसाळाभर अभ्यास केला आणि पुढल्या वर्षी तो मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यावरून असे दिसून आले की विणणारा तो नर. तो खोपा अर्धा विणतो, मादी येऊन आत शिरून पाहते, पसंत पडला तर राहते. मग तो बोगद्यासारखे दार लावून घर पुरे करतो आणि शेजारी दुसऱ्या संसारासाठी दुसरा खोपा विणावयास घेतो. आमच्या भाषेने या कारागिराला स्त्रीलिंगी नाव दिले, आणि १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांतही खोप्याचे सारे श्रेय मादीकडेच गेले आहे. पक्षिशास्त्राने ते काढून नराला दिले. तथापि नाव बदलण्याची आम्हांस घाई वाटत नाही. घर पारखून घेणारी ती आणि त्यात पिल्ले वाढविणारीही बहुतांशी तीच.

पंचतंत्रात थंडीपावसात कुडकुडणाऱ्या वानरास, तू घर का बांधीत नाहीस, असे विचारणाऱ्या चिमणीची गोष्ट आहे. वानर चिडते आणि तिचे घरटे विस्कटून टाकते. कथेचे तात्पर्य असे की मूर्खास उपदेश करू नये. लहानपणापासून आम्ही हे तात्पर्य पाठ केले. परंतु त्या मोडलेल्या घरट्याचे पुढे काय, हा प्रश्न कथाकारास पडला नाही आणि आमच्या गुरुजींसही पडला नाही. नीतिकथेत पाखरू येते ते माणसास शहाणे करण्यापुरते. त्याचे काम संपले की त्याच्या घराचे कोणास सुखदुःख नाही.

तेव्हा आता त्या घरट्याचाच विचार करू. झाड मालकाचे, जमीन मालकाची, सातबाऱ्यावर नाव त्याचे. पाखराचे नाव कोणत्याही दप्तरी नाही. त्याने विचारले नाही, भाडे दिले नाही, उलट माडाच्या पाती सोलून नेल्या आणि शेजारच्या भातावर ताव मारला. कुळकायद्याने जमीन कसणाऱ्याला हक्क दिला. पण झावळीवर बसणाराला वहिवाटीने काही हक्क मिळतो काय? कायद्याचे एक उत्तर तयार आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकार या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत रानपक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस करणे आणि त्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे हेही येते. शिवाय महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांत झाडांच्या जतनाचा १९७५ चा कायदा आहे आणि परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. कायदा चांगलाच आहे. परंतु माणसाने चोरी का करू नये, याचे उत्तर दंडसंहितेच्या कलमात सापडत नाही, तसेच हेही. त्यातून कायद्यालाही आवडनिवड असतेच. त्याच अधिनियमाने कावळ्याला उंदीर आणि फळे खाणारी वटवाघळे यांच्या पंगतीस, उपद्रवी प्राण्यांच्या यादीत, कित्येक वर्षे बसविले होते. ती यादी २०२२ च्या दुरुस्तीने गेली. बुलबुलासाठी चवड्यांवर चालणारे घरही कावळ्याच्या बाबतीत याहून वेगळे वागत नाही. पावसाळ्यापूर्वी माड साफ करणारा गडी वाळक्या झावळ्यांबरोबर कावळ्याचे घरटे खाली टाकतो तेव्हा कोणाच्या पोटात कालवत नाही. तेव्हा आमची दया ज्या घरट्यावर उतरते, ते घरटे आधी आमच्या कानांना आणि डोळ्यांना रुचावे लागते, हे कबूल केलेले बरे.

आम्हांस वाटते, पाखराचा हक्क झाडावर मानण्याचे कारण नाही. मोठे पाखरू उडून दुसरे झाड पाहू शकते. ज्याला उडता येत नाही ते अंडे आणि पिल्लू. आणि त्याची मागणी काय, तर काही दिवसांची. साळुंकीचे घेतले तर सतरा-अठरा दिवस अंडी उबविण्यात जातात आणि बावीस-चोवीस दिवस पिल्ले उडण्यास लागतात. म्हणजे सारी मिळून चाळीस दिवसांची मुदत. झाड तोडू नका असे ते म्हणत नाही, आज तोडू नका एवढेच म्हणते. जो जीव दुसरीकडे जाऊच शकत नाही, त्याला काही दिवस देणे ही दयेची गोष्ट नसून साध्या न्यायाची आहे, असे म्हणण्यास आमची हरकत नाही. मात्र दिवस फुकट मिळत नाहीत. कोणीतरी त्यांची किंमत देत असतो, आणि ती कोण देतो हे पाहिल्यावाचून हा विचार पुरा होत नाही.

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याची कथा आहे. तो रानात खांबासारखा निश्चल उभा राहून तप करी. त्याच्या जटेत पाखरांच्या एका जोडीने घरटे बांधले. पावसाळा गेला, शरद आला, मादीने त्या जटेत अंडी घातली. जाजलीला हे कळले आणि तो हलला नाही. अंडी फुटली, पिल्लांना पंख आले, ती दिवसा उडून जात आणि सायंकाळी परत येत. पुढे काही दिवसांनी येऊ लागली, आणि अखेर महिना झाला तरी परतली नाहीत. तेव्हा कोठे जाजली जागचा हलला. स्नान करून त्याने दंड थोपटले आणि ‘मी धर्म मिळविला’ अशी आरोळी ठोकली. त्याबरोबर आकाशवाणी झाली की धर्मात तू काशीच्या तुलाधाराची बरोबरी करू शकत नाहीस. तुलाधार कोण, तर बाजारात ताजवा घेऊन बसणारा एक वाणी. जाजली चिडून त्याच्याकडे गेला आणि त्या वाण्याने त्याला धर्म सांगितला: कोणाचे अहित न करणे, सर्वांशी सारखे असणे आणि ताजवा कोणाच्याही बाजूस न झुकविणे.

ही कथा आम्ही लहानपणी गर्वहरणाची म्हणून ऐकली होती आणि ती तशी आहेच. परंतु तिच्यातील एक गोष्ट आमच्या ध्यानात फार उशिरा आली. ती कशी आली ते सांगणे भाग आहे, कारण त्यात आमचा दोष आहे.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, त्यात अनेकांच्या बागा गेल्या तशा आमच्याही वाडीतले बरेच माड आणि पोफळी गेल्या. मुळासकट पडले ते उचलून टाकता आले. पण दोन माडांचे नुसते शेंडे मोडले आणि खोडे उभी राहिली. माडाला वाढीचा कोंब एकच. तो गेला की झाडाला दुसरी फांदी फुटत नाही. बाहेरून टणक आणि आतून पोकळ होत अशी खोडे वर्षानुवर्षे उभी राहतात. त्यांतले एक आमच्या परसात स्वयंपाकघरामागे होते, दुसरे कुंपणाशी, शेजारच्या काकूंच्या पडवीकडे कललेले. सुतारपक्ष्याने त्याला भोक पाडले होते. ते खोड काढावयाचे हे ठरलेले होते. आज काढू, उद्या काढू, असे करता करता २०२३ सालचा मे महिना सरत आला, तेव्हा आम्ही माडावर चढणाऱ्या गड्याला बोलावणे पाठविले. त्याने दोर बांधला, वर चढला, भोकाला कान लावला आणि खाली येऊन म्हणाला, “आत साळुंकीची पिल्लं आहेत. चार-पाच दिवसांची असतील. काय करू?”

आम्ही क्षणभरही विचार केला नाही. पिल्ले उडेपर्यंत खोडाला हात लावावयाचा नाही, असे सांगून टाकले. त्याने एवढेच म्हटले, “मग दिवाळीनंतरच बोलवा. पावसात असल्या कुजक्या खोडावर पाय ठरत नाही. मी चढायचा नाही.” त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी आम्ही दिली आणि त्याचे बोलणे कानाआड केले. कुंपणाशी जाऊन काकूंना म्हणालो, “काकू, पंधरा-वीस दिवस थांबतो. पिल्लं आहेत.” त्या ‘बरं’ म्हणाल्या. आम्ही सांगितले, विचारले नाही. पण हा भेद त्या वेळी आमच्या लक्षात आला नाही. नंतरचे आठ दिवस आम्ही आल्यागेल्यास ते भोक दाखवीत होतो. ‘आमच्याकडे साळुंक्या आहेत,’ असेही आम्ही म्हणालो असू. बुलबुलाच्या घरातील मंडळींविषयी वर जे लिहिले, ते अनुभवाचे आहे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ‘बिपरजॉय’ वादळ अरबी समुद्रातून उत्तरेकडे चालले होते. ते १५ जूनला गुजरातच्या किनाऱ्यावर गेले आणि कोकणास त्याचा तडाखा बसला नाही, परंतु त्यापूर्वी काही दिवस वारा असा सुटला होता की २०२० सालची आठवण व्हावी. एके रात्री आम्ही उठून खिडकीपाशी बसलो. पिल्लांची काळजी वाटत होती. खोड काळोखात हलताना दिसत होते आणि त्याच्या पलीकडे काकूंच्या पडवीचे कौलारू छप्पर दिसत होते. ते आम्ही पाहिले असलेच पाहिजे, कारण ते समोरच होते. तरी आमच्या मनात आले ते पिल्लांचेच.

पिल्ले १६ तारखेच्या सुमारास उडाली. आम्ही हर्षभराने काकूंना सांगावयास गेलो. त्या म्हणाल्या, “उडाली ना? झालं तर मग.” आणि हसून पुढे म्हणाल्या, “तुमच्या साळुंक्यांपायी आमचं अंथरूण आत गेलं बघा. नातू पडवीतच निजायचा. आत उकडतं म्हणून रात्र रात्र चुळबुळ करतो.” मे महिन्याच्या अखेरीपासून, आम्ही कुंपणाशी बोलून परत फिरलो त्याच रात्रीपासून, त्यांनी पोराला आत घेतले होते. त्यांच्या बोलण्यात रागाचा लेश नव्हता. असता तर आम्हांस उत्तर देता आले असते.

आणि ते अंथरूण लगोलग बाहेर आले असेही नाही. पाऊस सुरू झाला, गडी म्हणाला होता त्याप्रमाणे आला नाही, त्याला दोष देण्यास आम्हांस तोंड नव्हते. पंधरा-वीस दिवसांची मुदत पाच महिन्यांवर गेली. सारा पावसाळा ते खोड पडवीकडे कललेलेच उभे होते. पडले नाही, ही आमची पुण्याई नव्हे. २०१७ च्या जुलैत मुंबईत चेंबूर येथे रस्त्याने चाललेल्या एका बाईंच्या अंगावर नारळाचे झाड कोसळून त्यांचा मृत्यू झाला, हे वृत्त आम्ही त्या वेळी वाचून हळहळलो होतो. माडाखाली माणूस मरतो हे आम्हांस ठाऊक होते.

तेव्हा जाजलीची कथा पुन्हा आठवली. तपस्वी गर्विष्ठ होता, खरे. परंतु घरटे त्याच्या स्वतःच्या डोक्यावर होते. मान अवघडली ती त्याची आणि पाय सुजले असतील तर तेही त्याचेच. आमचे घरटे काकूंच्या नातवाच्या डोक्यावर होते, आणि दंड मात्र आम्ही थोपटीत होतो. जाजलीला तुलाधाराकडे जाऊन जे शिकावे लागले, त्याच्या अलीकडची पायरीही आम्ही चढलेलो नव्हतो.

कोणी म्हणेल, मग काय पिल्ले मारावयाची होती? नव्हे. खोडाला दोन बाजूंनी दोर बांधून ते आमच्या अंगणाकडे ताणून ठेवता आले असते. काकूंच्या नातवाला त्या दिवसांत आमच्या माजघरात निजावयास बोलावता आले असते. पडवीवर काही पडले तर भरपाई आमची, हे आधी बोलता आले असते. आणि सर्वांत आधी, थांबावे काय, हे काकूंना विचारता आले असते. त्या नाही म्हणाल्या असत्या तर? या प्रश्नाशी आम्ही बराच वेळ अडलो आहोत. आमचे आजचे मत असे की त्या नाही म्हणाल्या असत्या, तर दुसरा मार्ग न निघाल्यास ते खोड त्याच दिवशी उतरविणे आमचे कर्तव्य होते, आणि पिल्लांच्या मृत्यूचे ओझे आमच्याच माथ्यावर राहिले असते. खोड तीन वर्षे उभे ठेवले कोणी? पाखरू येण्यापूर्वी ते काढले असते तर हा पेच उद्भवताच ना. नीतीचे बहुतेक पेच अशाच आळसातून जन्मतात आणि मग आपण त्यांना धर्मसंकट असे भारदस्त नाव देतो. तरीही, काकू नाही म्हणाल्या असत्या तर आम्ही खरोखर तसे केले असते काय, हे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पिल्लांचा आवाज भोकातून खालपर्यंत ऐकू येत होता. पोराच्या चुळबुळीचा आवाज कुंपणाअलीकडे येत नव्हता.

कुंपणाजवळचे खोड त्या वर्षी दिवाळीनंतर काढले. गड्याने ते वरून तुकड्या-तुकड्यांनी उतरविले. भोकाचा तुकडा खाली आला तेव्हा त्यात वाळके गवत, पिसे आणि कसलासा चकाकणारा कागद निघाला. राहिले ते स्वयंपाकघरामागचे. ते पडलेच तर आमच्याच कौलांवर पडेल, दुसरीकडे पडण्यास जागा नाही. गेल्या वैशाखात साळुंक्यांनी तेथे ये-जा सुरू केली. घरात एकदा बोलणे झाले आणि खोड राहू द्यावे असे ठरले. त्या बाजूच्या खोलीतील अंथरुणे आम्ही पुढच्या खोलीत आणली. काकू एकदा शेवग्याच्या शेंगा द्यावयास आल्या असता मागच्या दारी जाऊन त्या खोडाकडे मान वर करून पाहून आल्या.

“मग आता तुम्ही निजता कुठं?” त्यांनी विचारले.

आम्ही पुढच्या खोलीत निजतो, असे आम्ही सांगितले. सांगताना आवाजात काय होते ते त्यांनी ओळखले असावे. त्या हसल्या, शेंगा ओट्यावर ठेवल्या आणि नातवाला हाक मारीत घरी गेल्या.